दिवस भरले म्हणजे नक्की कधी?

पत्र कुर्ल्याला राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एकतीस वर्षांच्या मुलीचं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून सारांश देते.

पहिलंच बाळंतपण. पाळी पहिल्यापासून पस्तीस-छत्तीस दिवसांनी येणारी. बीपी, शुगर व्यवस्थित, बाळाचं डोकं खाली, पोटातलं पाणी पुरेसं. पहिल्या डॉक्टरांचं हॉस्पिटल इन्शुरन्सच्या कॅशलेस यादीत नव्हतं, म्हणून सातव्या महिन्यात तिने दादरच्या दुसऱ्या हॉस्पिटलात नाव घातलं. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, "१४ जुलै ही डेट आहे. तोवर कळा आल्या नाहीत तर १५ ला सकाळी सातला ॲडमिट व्हा, कळा आणू." सासूबाईंना ते पसंत आहे, कारण २४ ला अमावस्या आहे आणि बाळ त्याआधी व्हावं असं त्यांना वाटतं. नवऱ्यालाही पसंत आहे, कारण त्याने महापालिकेची मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी फ्रिजला चिकटवली आहे. देवरुखहून आलेली आई मात्र म्हणते, "पिकलं की आपोआप गळतं, ओढायचं कशाला?" तिने येताना एरंडेलाची बाटली आणली आहे. चुलत नणंदेला मागच्या वर्षी चौदा तास कळा आणायचं जेल आणि ड्रिप देऊन शेवटी सिझर करावं लागलं. मुलगी विचारते: "सिस्टर, हो म्हणू की नाही? नाही म्हटलं तर डॉक्टर रागावतील, आणि पुढे काही झालं तर सगळे मलाच बोलतील."

(हे उत्तर तिला पत्र आलं त्याच रात्री मेलने पाठवलं होतं. असंच विचारणारी आणखी चार पत्रं हातात आहेत, म्हणून तिच्या परवानगीने इथे देते आहे.)

बाळ,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. सासूबाई आणि आई यांच्या मध्ये कुठेतरी तू लिहून गेलीस की फाईलमध्ये तीन वेगवेगळ्या तारखा आहेत, पण नव्या डॉक्टरांनी १४ धरली आहे. सोबत फोटोही पाठवलेस, बरं केलंस. हो की नाही ते नंतर बघू. आधी हे तीन कागद समोर घे.

मी डॉक्टर नाही. एकोणतीस वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर होते, त्यातली शेवटची अकरा इन्चार्ज. तपासणी तुझे डॉक्टरच करणार. पण फाईल कशी वाचायची ते मला येतं.

पहिली तारीख १४ जुलै. ती शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, ७ ऑक्टोबरपासून, २८० दिवस मोजून आलेली. या हिशेबात गृहीत असतं की पाळी अठ्ठावीस दिवसांनी येते आणि चौदाव्या दिवसाच्या आसपास बीज सुटतं. तुझी पाळी पस्तीस दिवसांची. म्हणजे तुझं बीज साधारण आठवडाभर उशिरा सुटलं असणार. बाळ मुळात राहिलंच आठवडाभर उशिरा, मग ते १४ ला 'वेळेवर' कसं येईल?

दुसरी तारीख २२ जुलै. ती ७ डिसेंबरच्या पहिल्या सोनोग्राफीतली. त्या दिवशी पाळीच्या हिशेबाने आठ आठवडे पाच दिवस व्हायला हवे होते, पण बाळाची लांबी निघाली सात आठवडे चार दिवसांची. फरक आठ दिवसांचा. इतक्या सुरुवातीला सगळी बाळं जवळपास सारख्याच वेगाने वाढतात, त्यामुळे ही मोजणी सगळ्यात भरवशाची. नऊ आठवड्यांच्या आत पाच दिवसांहून जास्त फरक दिसला तर पाळीची तारीख सोडून सोनोग्राफीची धरायची, असा साधारण नियम आहे.

तिसरी तारीख ९ जुलै, छत्तिसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीची. ती विसर. त्या वेळी मशीन बाळाचा आकार मोजतं आणि त्यावरून वय सांगतं. आठव्या-नवव्या महिन्यात त्यात तीन आठवड्यांपर्यंत फरक पडू शकतो. तुझं बाळ जरा अंगाने भरलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता मोज. पाळीच्या हिशेबाने १५ जुलैला तुला चाळीस आठवडे आणि एक दिवस होतो. पहिल्या सोनोग्राफीच्या हिशेबाने त्याच दिवशी जेमतेम एकोणचाळीस पूर्ण होतात. एकेचाळीस आठवडे, जिथे खरी चर्चा सुरू होते, ते एका हिशेबाने २१ जुलैला आणि दुसऱ्या हिशेबाने २९ जुलैला. घरात सगळे 'डेट उलटली तर' म्हणून धास्तावलेत, आणि माझ्या मते डेट अजून दोन आठवडे लांब आहे.

हे कसं झालं असेल तेही सांगते, म्हणजे तू डॉक्टरांवर डाफरणार नाहीस. नवीन हॉस्पिटलात नाव घालताना काउंटरवरची मुलगी विचारते, "लास्ट पाळी?" तू तारीख सांगतेस. कॉम्प्युटर डेट काढून देतो, ती केसपेपरच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहिली जाते, आणि पुढे प्रत्येक जण तो लाल आकडाच वाचतो. जुना डिसेंबरचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्यात तळाशी असतो. हॉस्पिटल बदललेल्या बायकांच्या बाबतीत मी हे इतक्या वेळा पाहिलंय की नवीन बाई आली की मी आधी पिशवी उलटी करायचे.

तेव्हा पहिलं काम: तो डिसेंबरचा कागद फाईलच्या सगळ्यात वर लाव. उद्या जाऊन सरळ विचार, "मॅडम, पहिल्या सोनोग्राफीत २२ आली होती आणि माझी पाळी पस्तीस दिवसांची आहे. आपण कोणती तारीख धरायची?" या प्रश्नावर कुठलीही शहाणी डॉक्टर रागावत नाही. तारीख बदलली तर १५ चा विषय बहुधा तिथेच मिटेल.

पण समजा नाही मिटला. समजा त्या म्हणाल्या, "ठीक आहे, एकोणचाळीस तर एकोणचाळीस, तरी मी कळा आणेन." तिथे मला तुझ्या आणि तुझ्या आईच्या एका समजुतीला जरा धक्का द्यायचा आहे: कळा आणल्या की सिझर ठरलेलं.

ही समजूत कुठून येते ते मला माहीत आहे. कारण मीही बरीच वर्षं तसंच म्हणायचे. ज्यांना कळा आणल्या त्यांच्यात सिझर जास्त, हे आम्ही डोळ्यांनी बघायचो. पण कळा कुणाला आणायचे? जिचं बीपी चढलंय, पाणी कमी झालंय, बाळाची वाढ थांबलीय, तिला. तिची तुलना आपोआप कळा आलेल्या धडधाकट बाईशी कशी करणार? २०१८ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पहिलटकरणींचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. सहा हजारांहून जास्त बायका, सगळ्या निरोगी. एका गटाला एकोणचाळीस आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणल्या, दुसऱ्या गटाला थांबू दिलं. सिझर झालं ते पहिल्या गटात १८.६ टक्के आणि थांबलेल्या गटात २२.२ टक्के. बीपीचा त्रासही पहिल्या गटात कमी झाला. बाळांच्या तब्येतीत मात्र ठाम म्हणावा असा फरक निघाला नाही.

म्हणजे १५ ला जा असं मी सांगतेय का? नाही. त्या अभ्यासातल्या बायकांना वेळ दिला गेला होता, आणि सगळी मेख तिथेच आहे. कळा आणणं म्हणजे बटण दाबणं नव्हे. गर्भपिशवीचं तोंड तयार नसेल तर ते आधी मऊ करावं लागतं. आम्हाला शिकवायचे: बोटाला नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागलं तर तयार नाही, ओठासारखं मऊ लागलं तर तयार. त्यासोबत ते किती उघडलंय, किती आखडलंय, मागे वळलंय की पुढे आलंय, बाळाचं डोकं किती खाली आहे, असे सगळे मिळून गुण देतात. त्याला बिशप स्कोअर म्हणतात. सहा किंवा त्याहून कमी असेल तर तोंड अजून तयार नाही, आठच्या पुढे असेल तर काम बरंच सोपं.

तयार नसेल तर एक तर फोलीची नळी घालतात. लघवीसाठी वापरतात तीच, फक्त तिचा फुगा गर्भपिशवीच्या तोंडाशी फुगवतात. नाहीतर जेल ठेवतात, किंवा मिसोप्रोस्टॉलची अगदी छोट्या मात्रेची गोळी ठरावीक तासांनी देतात. (नागपूरच्या सरकारी दवाखान्यांत बीपी वाढलेल्या ६०२ बायकांवर गोळी आणि नळी यांची तुलना झाली होती. गोळी दिलेल्यांपैकी ५७ टक्के चोवीस तासांत सिझरशिवाय मोकळ्या झाल्या, नळीवाल्यांपैकी ४७. हे आपल्याकडचं काम, म्हणून मुद्दाम सांगते.) मग पाणमोट फोडणं, मग ऑक्सिटोसिनची ड्रिप. पहिल्या खेपेला या सगळ्याला एक पूर्ण दिवस लागतो, कधी दोन.

घरच्यांना मात्र वाटतं, सातला ॲडमिट म्हणजे दुपारच्या चहाला पेढे. माझ्या ड्युटीवर एक मुलगी होती, सोमवारी सकाळी आलेली. मंगळवारी दुपारी तिच्या उशाशी फोन दर पाच-दहा मिनिटांनी वाजत होता. मामेसासरे, ऑफिस, खालच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्यांचा एकच प्रश्न: "अजून नाही?" त्या प्रश्नाने तिचा जीव जितका काकुळतीला आला होता तितका कळांनीही नव्हता. शेवटी मी फोन घेऊन माझ्या टेबलाच्या खणात टाकला आणि तिला म्हटलं, आता थोडा शिरा खा. मंगळवारी रात्री अकरा वाजता मुलगी झाली, टाक्यांसकट पण नॉर्मल. तिच्या नवऱ्याने सोमवारी संध्याकाळीच "किती वेळ चालणार हे, सिझर करून टाका" म्हणायला सुरुवात केली होती. तेव्हा तारीख ठरली तर ती कुणाला सांगू नकोस. नवरा आणि आई, बास.

तुझ्या नणंदेचे चौदा तास मला म्हणूनच खटकले. बाळाचे ठोके पडले असतील तर चौदा काय, चार तासही जास्त. पण नुसतं "पुढे सरकत नाही" म्हणून थांबवलं असेल, तर पाणमोट फुटल्यावर ड्रिप किमान बारा ते अठरा तास द्यावी आणि मगच 'फेल' म्हणावं, असं आता मानतात. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खासगी रुग्णालयांतल्या दर शंभर बाळंतपणांत ४७ सिझर निघाली, सरकारीत १४. दोन्हीकडे येणाऱ्या बायका वेगळ्या, कारणं वेगळी, हे खरं. तरीही हा फरक बघून प्रश्न विचारायची हिंमत केली पाहिजे. म्हणून डॉक्टरांना तारखेनंतरचा दुसरा प्रश्न हा: "आत तपासल्यावर तोंड कितपत तयार आहे? आणि कळा आणल्या तर मला किती वेळ द्याल?" उत्तर "रात्रीपर्यंत बघू" असं आलं आणि तोंड नाकाच्या शेंड्यासारखं असेल, तर मी तुझ्या जागी १५ ला जाणार नाही.

तुझ्या नवऱ्याचा मित्र म्हणतो ना, "डॉक्टरला रविवार मोकळा हवा असतो"? असतोही कधी कधी. पण छोट्या नर्सिंग होममध्ये भुलीचे डॉक्टर फोन केल्यावर येतात, रक्त बाहेरच्या रक्तपेढीतून आणावं लागतं. दिवसाउजेडी सगळे हाताशी असताना बाळंतपण व्हावं असं डॉक्टरांना वाटलं, तर त्यात तुझीही सोय आहे. "आपल्याकडे रात्री भूल द्यायला कोण असतं?" हेही विचारून ठेव. कळा आपोआप आल्या तरी हे उत्तर लागणारच आहे.

आता आईचं वाक्य. पिकलं की गळतं, बरोबर. पण तिला हे कुणी सांगितलं नाही की फार वेळ झाडावर राहिलं की काय होतं. एकेचाळीस आठवड्यांनंतर वार थकायला लागते, पाणी कमी होतं, बाळ पोटातच शी करण्याची शक्यता वाढते आणि पोटात बाळ दगावण्याचा धोका, जो अगदी लहान असतो, तो वाढायला लागतो. स्वीडनमध्ये २,७६० बायकांच्या अभ्यासात एका गटाला एकेचाळीस आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणल्या, दुसऱ्याला बेचाळीसपर्यंत थांबवलं. थांबलेल्या गटात सहा बाळं गेली, दुसऱ्या गटात एकही नाही. अभ्यास मधेच बंद करावा लागला. जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते, एकेचाळीस आठवडे नक्की पूर्ण झाले असतील तर कळा आणाव्यात. 'नक्की' या शब्दासाठीच मी वर तीन तारखांवर एवढी शाई घालवली.

माझं मत विचारतेस म्हणून सांगते. तारीख २२ ठरली आणि सगळं आत्तासारखं ठीक राहिलं, तर थांब. चाळीस पूर्ण झाल्यावर आठवड्यातून दोनदा बाळाचे ठोके आणि पाण्याचं प्रमाण बघून घे. २२ नंतर डॉक्टरांनी आतून बोट फिरवून पाणमोटीचा पडदा सैल करायचं सुचवलं, तर हरकत नाही. दुखतं, थोडं रक्त दिसतं, पण पुढचं जेल-ड्रिप टळण्याची शक्यता त्याने वाढते. फक्त त्यांनी आधी विचारून करावं, आणि तसं तू आधीच सांगून ठेव. २९ च्या पुढे मात्र ताणू नकोस. त्या दिवशी तुझी आई काहीही म्हणाली तरी बॅग उचल.

आणि काही गोष्टींत तारखेचा वाद घालायचाच नाही. बीपी चढलं, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. पाणी गेलं, मग कळा असोत नसोत; आणि ते हिरवट असेल तर आणखीच घाई. रक्तस्राव. तळहात-तळपायांना रात्री झोपू देणार नाही अशी खाज. किंवा बाळाची हालचाल कमी झाली. शेवटच्या गोष्टीवर जरा थांबते. "दिवस जवळ आले की बाळ शांत होतं" असं तुला शेजारची प्रत्येक बाई सांगेल. खोटं आहे. लाथा बदलून अंग वळवल्यासारख्या होतील, पण कमी होत नाहीत. रोज जेवण झालं की डाव्या कुशीवर पड आणि मोज. दोन तासांत दहा झाल्या नाहीत, किंवा नुसतं मन म्हणालं की आज काहीतरी वेगळं आहे, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटलात जा. अशा वेळी डॉक्टरांनी "आजच कळा आणू" म्हटलं तर हा लेख दाखवून त्यांच्याशी भांडू नकोस.

तुझ्या नवऱ्याच्या यादीला मात्र मी हसणार नाही. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या रात्री, मी ड्युटीवर होते. एक बाई ट्रकमध्ये बसून आली, दुसरीला चौघांनी खुर्चीवर बसवून कमरेएवढ्या पाण्यातून आणलं. सकाळच्या पाळीतल्या आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी घरी गेलो. कुर्ला ते दादर म्हणजे वाटेत किंग्ज सर्कल, गांधी मार्केट. जोराच्या पावसात काय होतं ते तुला मी सांगायला नको. पण त्यासाठी कळा आणायची गरज नाही. माटुंग्याला मावशी राहते असं तू लिहिलंयस. २२ पासून तिच्याकडे जाऊन राहा. पहिल्या खेपेला कळा सुरू झाल्यापासून बहुधा दहा-बारा तास मिळतात, तेवढ्यात माटुंग्याहून दादरला चालतही जाता येतं. १०८ नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा.

गंमत बघ, सासूबाईंची अमावस्या आणि नवऱ्याची भरती एकाच सुमाराला आलीय, आणि यायचीच. दोन्ही चंद्राच्याच. सासूबाईंशी वाद घालू नकोस, त्यांना ही यादी दाखव. अमावस्येच्या आधी घरातून हलायचं त्यांचंही समाधान आणि पाण्याच्या आधी हलायचं तुमचंही. बाळ कधी यायचं ते तुझं आणि डॉक्टरांचं ठरू दे. वॉर्डात अमावस्येला जन्मलेली शेकडो पोरं मी पुसून आईच्या छातीवर ठेवलीत. रडायची तेवढ्याच जोरात.

राहिलं तुझं शेवटचं वाक्य, सगळे मलाच बोलतील. हे मला सगळ्यात जड गेलं. बोलतील, बाळ. सिझर झालं तरी बोलतील, थांबलीस तरी, घाई केलीस तरी. पण यातलं काही तू एकटीने ठरवावंस असं नाहीच. पुढच्या तपासणीला नवऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवू नकोस, आत ने. तारीख कोणती, तोंड कितपत तयार, वेळ किती देणार, हे त्याच्याही कानावर पडू दे, आणि उत्तरं त्यानेच केसपेपरच्या मागे लिहून घेऊ दे. मग घरी "डॉक्टर काय म्हणाल्या?" हे सगळ्यांनी त्याला विचारावं.

आणि ती एरंडेलाची बाटली. पोटात घेऊ नकोस. जुलाब लागतात, अंगातलं पाणी जातं, कळा आल्या तर वेड्यावाकड्या येतात, आणि घरी बाळाचे ठोके बघायला कुणी नसतं. पण आईने देवरुखहून एवढ्या लांब आणलीय, परत पाठवलीस तर तिला वाईट वाटेल. २४ ला दिव्यांची अवस आहे. समया घासून ठेवल्या असतीलच सासूबाईंनी. त्यात घालायला सांग.

— तुझी सिस्टर